गाडीसाठी स्थळ

“कूलंट कोणतं घालणार?” श्यामसुंदररावांनी विचारलं.

गाडी बघायला आलेले सर्जेराव गडबडले. गाडी पसंत होती, किंमतही मान्य होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दलचा हा प्रश्न काही त्यांनी गृहीत धरला नव्हता.

“लाल,” ते म्हणाले. “नवीन आलंय ना ते. पाच वर्षं बघायला नको.”

“ते आजकालच्या गाड्यांचं. जुन्या रेडिएटरच्या जोडांचे डाख खाऊन टाकतं. आपण सरबत घ्या, तेही लालच आहे.” श्यामसुंदररावांनी कोकम सरबताचा पेला पुढे केला.

सर्जेराव गेले आणि हेमाताईंनी कपाळाला हात लावला. घर आवरून नागपूरला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. पद्मजाचे दिवस भरत आले होते. सामान बांधून तयार होतं. घोडं अडलं होतं ते चौसष्ट सालच्या या गाडीपाशी. ती योग्य हाती पडल्याशिवाय आपण पुणं सोडणार नाही, असं श्यामसुंदररावांनी जाहीर करून टाकलं होतं. पद्मजाच्या लग्नात जावयाला यांनी एवढे प्रश्न विचारले नव्हते. लेकीचं पहिलं बाळंतपण आईवाचून होणार की काय, अशी हेमाताईंना धास्ती होती.

रविवारी खडकीहून मैनुद्दीन आले. बँकेत अधिकारी, जुन्या गाड्यांचा नाद असलेले. बॉनेट उघडून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

“हिरवं,” ते म्हणाले. “तांब्यापितळेच्या रेडिएटरला तेच मानवतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पण आधी आतलं सगळं काढून टाकीन, स्वच्छ धुऊन घेईन, मगच भरीन.”

श्यामसुंदरराव उठून उभे राहिले. “वा! याला म्हणतात उत्तर.”

हेमाताई पोहे करायला जवळजवळ पळतच आत गेल्या. बश्या घेऊन बाहेर आल्या, तर श्यामसुंदरराव मान खाली घालून म्हणत होते, “माफ करा. द्यायला मन होत नाही.”

“समजू शकतो, साहेब,” मैनुद्दीन म्हणाले. “मीही दिली नसती.” पोहे संपवून ते शांतपणे निघून गेले.

हेमाताईंना सगळं कळून चुकलं. योग्य माणूस समोर आला आणि यांचं काळीजच हललं. त्यांना भयंकर राग आला आणि नवऱ्याची कीवही आली.

“अहो, गाडी सांभाळायची की लेक? एकदाच काय ते सांगा.”

“अजून एक स्थळ बघू,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी बजरंग आला. साताऱ्याचा, नुकतंच लग्न झालेला. बायकोला जुन्या गाड्यांची हौस, म्हणून आलेला. बॉनेट कुठून उघडतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“कूलंट कोणतं घालणार?”

“ते घालावं लागतं का, काका? मी आपलं नळाचं पाणी घालीन.”

हेमाताईंनी डोळे मिटले. आता सरबत येणार.

“न्या,” श्यामसुंदरराव म्हणाले आणि त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. “आत फार हात घालू नका. पाणी कमी झालं की वरून घालत जा, बास.”

कागदांवर सह्या झाल्या, बजरंग दोघांच्या पाया पडला आणि गाडी फाटकाबाहेर गेली. हेमाताईंचे डोळे भरून आले. आयुष्यभर आपला हेका न सोडणारा हा माणूस आज लेकीसाठी एवढा वाकला, आणि आपण त्याला नको नको ते बोललो, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी आलं घालून चहा केला आणि कप घेऊन त्या गॅलरीत गेल्या.

श्यामसुंदरराव पाठमोरे उभे होते. सोनबा मेकॅनिकशी फोनवर बोलत होते.

“हो सोनबा, गेली एकदाची. नाही रे, हा नाही धुणार, नळाचं पाणी घालतो म्हणाला. आता तू सांग, गळती थांबवायला इंजिनच्या चिरेत भरलेली तुझी हळद कात्रजच्या पलीकडे जाईपर्यंत तरी टिकेल ना?”