घोर सुटलेलं घर

"अगं, काळजी कमी करणारा क्षार नळाच्या पाण्यात घालणार आहेत म्हणे. न विचारता सगळ्यांना औषध पाजायचं का?" सासूबाईंचं हे बोलणं तिने हसण्यावारी नेलं होतं. बाळ झाल्यापासून जिवाला लागलेला घोर सुटणार, हेच तिला पुष्कळ होतं.

क्षाराचं पाणी सुरू झालं आणि तो खरंच सुटला. आज चहा पिता पिता तिने पाहिलं, दोन वर्षांचा लेक स्टुलावरून चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर चढत होता.

"चढलाय बघ," नवरा म्हणाला.

"हो ना. पडेल."

उठायला हवं, हे तिला कळत होतं. पण उठवणारी धडकी काही केल्या छातीत भरेना.

"अजून घोटभर घेतेस?" नवऱ्याने विचारलं.

 

तुमच्या नळाला अजून साधंच पाणी येत असेल, तर तेवढं धावत जाऊन त्यांच्या पोराकडे बघता का?