खर्जाची जोडी

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या अर्गिरोने सिफिसच्या लाऊतो या तंतुवाद्यावरची खर्जाच्या पोलादी तारांची जोडी उतरवली आणि नायलॉनच्या तारांची दोन पाकिटं त्याच्यापुढे ठेवली.

"ही जाड, काका. आवाज भरदार, पण दाबायला जोर लागेल. ही पातळ. बोट नुसतं टेकवलं तरी पुरे."

सिफिसने उजव्या हाताने डावा हात उचलून मेजावर ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. शेवटची दोन बोटं अजून परक्याची असल्यासारखी पडून असायची.

"पातळच लाव, पोरी."

दाराशी मानूसोस आपली सारंगीसारखी लिरा मांडीवर उभी धरून बसला होता. एकतीस वर्षं त्याच्या लिरेमागे सिफिसचाच ठेका. शनिवारी वरच्या गावात लग्न होतं. तारा चढल्या तसं सिफिसने लाऊतो मांडीवर घेतलं आणि मानूसोसने गज उचलला.

वरच्या पोलादी तारा खणखणल्या. खालचा खर्ज मात्र ओल्या लाकडावर थाप मारल्यासारखा उमटला. तिसऱ्या आवर्तनाला बोट घसरलं, अर्धी मात्रा गेली. सिफिसने मान खाली घातली आणि वाट पाहिली. अर्ध्या मात्रेसाठी मानूसोस भर नाचात गज थांबवायचा, नवऱ्यामुलाच्या माणसांसमोर सिफिसच्या सात पिढ्या उद्धारायचा.

गज थांबला नाही. लय हळूच उतरली आणि सिफिस येऊन मिळेपर्यंत रेंगाळली. पुढच्या आवर्तनालाही तसंच झालं.

"छान लागल्यात तारा," वाजवून झाल्यावर मानूसोस म्हणाला. "शनिवारी खुशाल ये. मागच्या खुर्चीत बस. झेपेल तेवढं वाजव."

"ठेका चुकला माझा. दोनदा."

"कुठे? मला नाही बुवा जाणवलं."

अर्गिरो पाठ फिरवून उतरवलेल्या तारा गुंडाळू लागली.

"तुला जाणवलं नाही?" सिफिसचा आवाज चिरकला. "गाढवा, तुला? शिवी घाल मला. एकच घाल."

मानूसोसने लिरा पिशवीत ठेवली. सिफिसजवळ आला, वाकला आणि त्याच्या कोटाची सुटलेली वरची गुंडी लावली.

"बाहेर वारं सुटलंय," तो म्हणाला.