जुना अंगठा

"पुन्हा एकदा लावा, आजी. जरा दाबून."

आजींनी अंगठा काचेवर दाबला. लाल दिवा लागला. सहाव्यांदा.

दवाखान्याच्या खिडकीत बसलेली औषधवाली रडकुंडीला आली होती. आजींचं हृदय अधू, गोळ्या उद्यापुरत्याच उरलेल्या, आणि अंगठा जुळल्याशिवाय औषधाचा खण उघडणार नाही म्हणजे नाही. हल्ली माणसानं माणसाला ओळखून भागतंय कुठे.

"उभा जन्म लाँड्रीत कपडे घासले," आजी म्हणाल्या. "रेषा साबणानं खाल्ल्या सगळ्या."

"पण मागच्या महिन्यापर्यंत पहिल्या फटक्यात जुळायचा की. चार वर्षांत एकदाही चुकला नाही."

आजींनी कमरेचा रुमाल काढला.

दर महिन्याला दोघं जोडीनं यायची. आजोबा खिडकीला चिकटून उभे राहायचे आणि आजींचा हात हातात धरूनच मशीनवर ठेवायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस, पंजा हा एवढा. त्याखाली आजींचा हात दिसायचासुद्धा नाही. रांगेतले लोक हसायचे. "सोडा की हात, आजोबा, पळून नाही जात त्या," असं औषधवालीही चिडवायची. आजोबा लाजायचे, पण हात काही सोडायचे नाहीत.

"आज एकट्याच? भांडलात वाटतं?" तिनं विचारलं.

"ते कुठले भांडतात," म्हणत आजी रुमालानं अंगठा पुसत राहिल्या.

मग क्रीम चोळून झालं, ओल्या फडक्यानं पुसून झालं. कॅमेऱ्यापुढे चेहरा धरला, तर तोही अडून बसला. नोंदीतल्या फोटोत गाल भरलेले होते. समोरच्या आजी पार वाळल्या होत्या. औषधवालीला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तिनं मुख्य कचेरीला फोन लावला आणि बऱ्याच हुज्जतीनंतर हसत खाली ठेवला.

"झालं काम, आजी. नवा अंगठा नोंदवून घेतो म्हणाले. फक्त दुसऱ्या कुणी तुमच्या नावावर घुसू नये म्हणून आधी जुना एकदा जुळवायचा."

आजींनी हात काचेवरून मागे घेतला.

"जुना कुठून आणू, पोरी? नोंदणीच्या दिवशी माझा उठेचना, म्हणून ह्यांनी गुपचूप स्वतःचा लावला होता. गेल्या आठवड्यात ह्यांच्याबरोबरच गेला तो."