शीट भरल्याबिगर

उमरग्याच्या जीपस्टँडवर मुनवरची नवी गाडी चालू होती, आणि हे मुनवर सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी बॅटरीवरची. आवाज नाही, धूर नाही, हादरा नाही. पुढच्या शीटवर त्याची बायको खैरुनबी नाकाला पदर लावून बसली होती. तिला लोहाऱ्याला बहिणीकडं जायचं होतं. धुरानं तिची छाती भरून यायची. घरात बिडी कोण ओढतं, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘कोण न्हाय. हे स्टँडावरचा धूर सदऱ्यात घालून आणतेत.’’ त्यानंतर मुनवरनं जुनी डिझेलची काळीपिवळी जीप विकून टाकली.

स्टँडच्या तोंडाशी नगरपरिषदेचा नवाकोरा बोर्ड होता : ‘स्वच्छ हवा क्षेत्र. डिझेल गाड्यांना आत मनाई.’ बोर्डाच्या बाहेर, पुढचं चाक बरोबर हद्दीवर टेकवून, ईरण्णाची काळीपिवळी उभी होती. धूर मात्र सरळ आत येत होता. धुराला वाचता येत नव्हतं.

ईरण्णा स्टँडावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. सकाळी चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्या ड्रायव्हरांदेखत सांगून टाकलं होतं, ‘‘मुनवर, तुझी पैली खेप माझ्याआधी भरली, तर आमी समदे बॅटरीची गाडी घ्यायचं बघतो. न्हाय भरली, तर उद्या नगरपरिषदेत जाऊन ह्यो बोर्ड उपटाया लावतो. बोल.’’

‘‘भरली म्हणून समजा, मामा,’’ मुनवर म्हणाला होता.

आता भरायची होती.

काळीपिवळीची रीत अशी, की पहिलं शीट, म्हणजे पहिला पाशिंजर, बसला की इंजिन चालू करायचं. मग अ‍ॅक्सिलेटरवर पाय देत गाडी दोन हात पुढं घ्यायची, दोन हात मागं घ्यायची. निघालीच, असं वाटलं पाहिजे. गाडी तासभर निघत नाही हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, शीटालाही ठाऊक असतं. तरी पळत येऊन बसतातच. ईरण्णाची गाडी सकाळपासून पुढंमागं करत लोहाऱ्याला निघाली होती. आत माणसं दाटायला लागली होती.

मुनवरच्या गाडीत एकटी खैरुनबी. बायको शीट धरायची की नाही, यावरही टपरीवर मतभेद होते.

तहसील कचेरीतले अनिरुद्ध कारकून आले. त्यांनी बॉनेटला हात लावून पाहिला. ‘‘थंड आहे. ही काही एवढ्यात निघत नाही,’’ असं जाणत्या माणसासारखं म्हणाले आणि ईरण्णाच्या धुरात जाऊन बसले.

मग पाटी घेऊन महानंदाबाई आल्या. चढल्या, टेकल्या, कान देऊन ऐकलं. ‘‘बंद पडली का रं?’’

‘‘चालू हाय, मावशी.’’

‘‘मग वरडंना कामून?’’

मुनवरनं रीतीप्रमाणं गाडी दोन हात पुढं घेतली. बिनआवाजाची गाडी सरकलेली पाहून महानंदाबाईंनी पाटीसकट खाली उडी टाकली. ‘‘अगं बया! उतारानं चालली की! ब्रेक धर मेल्या!’’

टपरी खो खो हसली. महानंदाबाई ईरण्णाकडं गेल्या. आता तिकडं दोनच शीटं कमी होती.

‘‘शांतता म्हणजे म्हातारपण, मुनवर,’’ ईरण्णा इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला. ‘‘गाडीत जीव हाय हे कळाया नको?’’

खैरुनबी पदराआडून खोकली. ‘‘अलिजाचे अब्बा, निघा की.’’

‘‘शीट भरल्याबिगर?’’

‘‘मी बसलीय न्हाय का?’’

‘‘अगं, हे स्टँड झाल्यापासनं एक गाडी रिकामी निघाली न्हाय.’’

‘‘म्हणूनच निघा.’’

 मुनवरनं आरशात बघून मिशी सारखी केली, आणि गाडी खरोखरच काढली.

गाडी टपरीवरनं गेली. बोर्डापाशी आली. बोर्ड ओलांडून रस्त्याला लागली. टपरीवरचं हसू बशीत ओतलेल्या चहासारखं जागच्या जागी निवलं.

‘‘गेली!’’ कुणीतरी ओरडलं.

हा शब्द त्या स्टँडावर आजवर खोटाच वापरला गेला होता. अनिरुद्ध कारकुनांनी खिडकीतून पाहिलं. गाडी खरंच जात होती, आणि ते तिच्यात नव्हते. कचेरीचा माणूस कचेरीकडंसुद्धा कधी पळत नाही, पण ते पळाले. त्यांच्यामागं पाटी डोक्यावर घेऊन महानंदाबाई. ‘‘आरं थांब! म्या आधी बसले हुते तुझ्यात!’’ मग ईरण्णाची गाडी दोन्ही अंगांनी सांडली. टपरीवर अर्धा कप टाकून दोघंजण सुटले, त्यातल्या एकाला लोहाऱ्याला जायचंही नव्हतं.

मुनवर पळत आलेली शीटं चढवून घेत पाण्याच्या टाकीपर्यंत सावकाश गेला, वळसा घेतला आणि पुन्हा बोर्डापाशी येऊन थांबला. तोवर गाडी भरली होती. कारकून मांडीवर पिशवी घेऊन अंग चोरून बसले होते.

‘‘मागं अजून एक बसतंय,’’ मुनवर सवयीनं म्हणाला. ‘‘सरका जरा.’’

शेजारी ईरण्णाची काळीपिवळी दोन हात पुढं, दोन हात मागं करत होती. आत कुणीच नव्हतं. पाय आपला चालत होता.

खैरुनबीनं काच खाली केली. ‘‘ईरण्णाभाऊ, आता कुणाला दाखवायलात?’’

ईरण्णानं मागं वळून रिकामी बाकं पाहिली. टपरीकडं पाहिलं. ड्रायव्हर चहाच्या कपात बघत होते. त्यानं किल्ली फिरवली.

स्टँडावर एकदम इतकं शांत झालं, की टपरीवरच्या कढईतलं तेल चरचरलेलं बोर्डापर्यंत ऐकू आलं. धूर हळूहळू वर उठला आणि निघून गेला. खैरुनबीनं नाकावरचा पदर खाली घेतला. एक श्वास घेतला. मग विश्वास बसेना म्हणून आणखी एक.

‘‘अय्यो,’’ ती म्हणाली, ‘‘इथं भजी तळतेत व्हय?’’