घराच्या दिशेने

सकाळचं ऊन पलंगावर पडलं आणि कॅप्टन ताडकन उठला. गस्तीच्या मार्गावर ऊन पलंगापर्यंत पोचतच नसे. युद्धनौका वळली होती, आणि तसा हुकूम त्याने दिलेला नव्हता.

शर्टाची बटणं लावतच तो ब्रिजवर आला. सुकाणूवर त्याचा दुय्यम अधिकारी स्वतः उभा होता. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणत. शेजारी वायरलेसचा अधिकारी आणि नकाशांचा अधिकारी. तिघांपैकी कुणीही नजर चुकवली नाही.

"कुठे चाललोय आपण?"

"घरी, सर," धाकटे साहेब म्हणाले.

तीन दिवसांपूर्वी वायरलेसवर निरोप आला होता. कॅप्टनची बायको इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती. शुद्धीवर आली की एवढंच विचारायची, 'आले का?' परतायचं की नाही, हे मुख्यालयाने त्याच्यावरच सोपवलं होतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि गस्त चालू ठेवली. अजून नऊ दिवस उरले होते. जेवणाच्या टेबलावर तो रोज येई, हवापाण्याच्या गप्पाही मारी. ताट मात्र तसंच परत जाई.

"जहाज मागे फिरवा."

"नाही, सर."

बावीस वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं.

"इथे दोनशे माणसं आहेत. सगळ्यांनाच घर आहे. माझ्या एकट्यासाठी जहाज वळणार नाही. गेल्या वर्षी तुमच्यासाठीही वळलं नव्हतं."

"हो. वडील गेले आणि मी तुमचा हुकूम पाळला," धाकटे साहेब हळूच म्हणाले. "अजून रोज मनातल्या मनात त्यांच्याशी बोलतो, सर. राहिलेलं बोलणं संपतच नाही. तुमचं तसं होऊ देणार नाही. काय शिक्षा द्यायची ती बंदरावर पोचल्यावर द्या."

"बाजूला व्हा!"

धाकटे साहेब बाजूला झाले. कॅप्टनने सुकाणू धरलं.

समोर नुसतं पाणी पसरलं होतं. ती आता दाराकडे तोंड करून पडली असेल. व्हरांड्यात पाऊल वाजलं की डोळे उघडत असेल. नर्स दिसली की पुन्हा मिटत असेल.

तिघं त्याच्या हातांकडे पाहत होते.

"मागे फिरवा," कॅप्टन स्वतःलाच म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला.

त्याच्या हातांनी ऐकलं नाही.