लेकीचं पाणी

"खडे राहिले त्यात," फुलाबाई म्हणाली. "पुस्तकं वाचून डोळे पार घालवलेस."

आशाने नागलीचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. हरसूलचा बाजार करून दोघी दुपारीच पाड्यावर परतल्या होत्या. आशाला शेवटच्या गाडीने नाशिकला जायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्या दिवशी पुस्तकांची तपासणी होती.

"मी गेल्यावर मला लेकीचं पाणी कोण पाजल गं?" फुलाबाईने विचारलं.

पाड्याची रीत होती. बाई गेली की तिच्या तोंडात पहिलं पाणी लेकीने घालायचं, मग सुनेने, मग बाकीच्यांनी. लेकीचं पाणी मिळालं नाही तर जीव तहानेला फिरतो, असं जुन्या बाया मानत.

"चांगुणा असती तर..." फुलाबाई म्हणाली.

"मी पाजीन की, आजी."

"नातीचं चालत नाय." फुलाबाईने मान वर केली नाही. "ऊठ, गाडी चुकल तुझी."

आशा सूप बाजूला ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरसूलच्या बूथवरून दत्तूचा फोन आला.

"आई गेली गं. झोपेतच."

"येते मामा," आशा म्हणाली आणि हातातलं पुस्तक जागच्या जागी ठेवून दिलं.

एसटीत शेजारच्या बाईने केळं दिलं. ते खाऊन झाल्यावर आशाच्या लक्षात आलं, आपल्याला भूक नव्हती.

आपल्या जन्माची हकिगत तिने लहानपणापासून ऐकली होती. चांगुणा म्हणजे फुलाबाईची थोरली. मायलेकी सायखेड्याकडे द्राक्षबागेत मजुरीला गेल्या होत्या. तिथे बाळंतपणात चांगुणा गेली. उन्हाळ्यात फुलाबाई एकटीच परत आली, तान्ह्या आशाला पदराखाली घेऊन. फुलाबाईचा नवरा झिपरू त्याच्या दोन वर्षं आधीच वारला होता. चांगुणाचा नवरा पोर बघायला एकदाही आला नाही. नवसाबाई सुईण रोज तेल घेऊन यायची. आधी बाळाला चोळायची, मग फुलाबाईलाही. वाट चालून तिचं अंग आंबलं होतं म्हणे.

पुढे आशा नाशिकला वसतिगृहात राहिली. फुलाबाई फडक्यात भाकरी बांधून भेटायला यायची. मोळ्या विकून हातांना घट्टे पडले होते. फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आजी हाय मी तिची." कोणी विचारलेलं नसलं तरी सांगायची.

"मोठ्याने कशाला बोलतेस?" आशा कुजबुजायची.

"ऐकू दे की लोकांना."

एकदा तापात आशाच्या तोंडून दुसरीच हाक येऊ पाहत होती. फुलाबाईने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पुढे त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

पाड्यावर पोचली तेव्हा फुलाबाईला अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. बाया भोवती बसल्या होत्या. आशा सगळ्यांच्या मागे कुडाला टेकून बसली. रडू येत नव्हतं. पलीकडे कोणीतरी चूल पेटवत होतं आणि लाकडं ओली आहेत, एवढंच तिला कळत होतं.

म्हातारी नवसाबाई उशाशी होती. "लेकीचं पाणी," ती म्हणाली.

कोणी हललं नाही.

"लेक नाही ना तिला आता," शेवटी आशाच म्हणाली. "मामी, तुम्हीच घाला."

दत्तूची बायको लंकाबाई पाण्याचा पेला धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दत्तूने मान हलवली. पुढच्या बाया एकेक करून सरकल्या आणि आशासमोर वाट मोकळी झाली. कोणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

लंकाबाईने वाकून पेला आशाच्या हातात दिला.

"उठा नणंदबाई," ती म्हणाली. "कधीची वाट बघून राहिली ती."

आशा उठली. उशाशी बसली. पेला ओठांना लावला.

"आई," ती म्हणाली, "पाणी पी."