कळवणारी व्यक्ती

"मी रविवारीच फोन केला असता, तर दादा वाचला असता का?"

शाळेतल्या मैत्रिणींनी बजावलं होतं, घरी हे एकदा विचारून दाखव, नाहीतर आमच्यापुढे रडायला येऊ नकोस. तिने विचारलं. जेवणाच्या टेबलावर, दादा जिथून परतला नाही त्या अभयारण्याचा नकाशा पसरलेला असताना, धडधडीत.

बाबांची पेन्सिल नकाशावर चालतच राहिली. "सप्टेंबरअखेर जाऊ. तोवर वाळवंटातलं ऊन जरा उतरतं."

"बाबा, मी तारखा नाही विचारल्या."

आई पाण्याचा हिशेब करत होती. "माणशी रोज पाच लिटर धरलंय. पुरेल ना?" मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही गं. तोच म्हणाला होता ना, उशीर झाला तर लगेच बोंबाबोंब करू नकोस म्हणून."

"म्हणाला होता. म्हणून रविवारी तो परतला नाही तरी सोमवारी संध्याकाळपर्यंत मी गप्प बसले."

गेल्या वर्षभरात सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं, तुझं काही चुकलं नाही. शेजारच्या काकूंनी, वर्गशिक्षिकांनी, मामाने. सगळ्यांचा आवाजसुद्धा सारखाच, तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली घडी ठेवावी तसा.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सोमवारी दुपारपर्यंत होता तो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"अहो," आई म्हणाली.

"विचारतेय ना ती."

पंख्याने नकाशाचा कोपरा उलटला. आईने तो हाताने दाबून धरला. लेकीला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण धाडकन कोसळू. तसं झालं नाही.

नकाशाशेजारी परवान्याचा अर्ज होता, बाबांनी अर्धाअधिक भरलेला. तिने तो ओढून घेतला. शेवटचा रकाना: ठरल्या वेळी न परतल्यास कार्यालयाला कळवणारी व्यक्ती. दादाने त्याच्या अर्जात तिथे तिचं नाव घातलं होतं. तेही खरं नाही, तो चिडवायचा ते, 'भोंगा'. सोमवारी तिने फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने आधी तेच विचारलं होतं, "भोंगा कोण?" आणि तिला "मीच" म्हणावं लागलं होतं.

आता तिथे मावशीचं नाव होतं. बाबांचं अक्षर.

"तू बरोबरच असशील ना आमच्या," आई घाईघाईने म्हणाली. "म्हणून मावशीचं घातलंय. दुसरं काही नाही."

तिने बाबांची पेन्सिल उचलली आणि मावशीच्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"मी येत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मावशी दहा वाजता फोन बंद करून झोपते."